बैठोबाच्या जागी

१

त्या उन्हाळ्यात माझं काम अगदी सोपं होतं. सकाळी सहाला माझ्या बायकोच्या, कासाच्या हातचा चहा, सातला बगलेत वही, खांद्याला टेप आणि हातात चुन्याचा डबा घेऊन बाहेर. ज्या घराची मोजणी झाली त्याच्या दारावर चुन्याची फुली. घर रिकामं झालं की फुलीभोवती गोल. संध्याकाळी गल्लीतून परतताना मी गोल मोजत यायचो आणि एखादा वाढलेला असला की कासासाठी गूळ-शेंगदाणे घ्यायचो. सरकारने मला एक गाव रिकामं करायला ठेवलं होतं आणि मी ते गोडीगुलाबीने करत होतो.

साल १९६०. येलदरीला पूर्णा नदीवर धरण उभं राहत होतं आणि मी तिथे ओव्हरसियर. येत्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदाच अडणार होतं. धामणखेड नदीच्या अगदी काखेत, म्हणून ते आधी बुडणार. बारा मैलांवर माळावर नवं धामणखेड आखून दिलेलं होतं. जुनं गाव आता शोधू नका, नकाशातून ते मीच पुसलं आहे.

घरं मोजायला गेलं की भांडणं व्हायची. ओसरी कुणाची, भिंत कुणाची. पण गावाची आपली एक मोजणी होती. लोक चुली मोजायचे. दोन भाऊ एका छपराखाली वेगळे झाले की दोन चुली. गावजेवणाची लाकडं, नदीवरचा पहारा, जत्रेचं पाणी, सगळं चुलीवार. मीही तीच मोजणी उचलली आणि आपण फार हुशार आहोत असं मनाशी म्हणालो. गावात त्रेचाळीस चुली होत्या.

धरणावरच्या पत्र्याच्या खोलीत बायकोला ठेवण्यापेक्षा तिला बरोबर घ्यावं असं मला वाटलं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि ती नसली की मला जेवण गोड लागत नसे, हे खरं कारण. कासाबाई चुडाव्याची. तिच्या बापाचं शेत स्टेशनाच्या मागे, त्यामुळे गाडीच्या शिट्टीवर उठणारं आणि जेवणारं घर. शब्द दिला की पाळायचा, वेळ सांगितली की गाठायची, एवढंच तिला माहेराहून आंदण मिळालं होतं. धुरपदाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेने आपल्या घराची पडवी आम्हाला दिली. सारं गाव तिला माय म्हणायचं. कासाने पहिल्याच दिवशी पडवीत मातीची चूल घातली. माय आली, चुलीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता चव्वेचाळीस झाल्या."

मला हसू आलं. वहीत मी त्रेचाळीसच ठेवल्या.

२

गावाच्या खालच्या अंगाला, जिथे नदीचा काठ खडकाळ होतो, तिथे देऊळ होतं. अर्धं खडकात कोरलेलं, अर्धं जाड विटांचं. आत बैठोबा. काळ्या पाषाणाची बसलेली मूर्ती, साडेचार फूट उंच.

"साहेब, गाव बैठोबा म्हनतंय, पर हे भगवान बुद्ध हायेत," शाळेचे भुजंग मास्तर मला म्हणाले. ते चार वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते. "ही मांडी बगा, ह्ये कान बगा. दीड-दोन हजार वर्सं तरी झाली असतील."

"गाव काय म्हणतं यावर?"

"गाव म्हनतंय, मास्तर, तुमी तुमच्या नावानं हाक मारा, आमी आमच्या." मास्तर हसले. विहिरीवर ते गाव दोन होतं. बैठोबासमोर मात्र एक होत असे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

समोर म्हणण्यात थोडी चूक होते. बैठोबाची पाठ दाराकडे होती.

आत शिरलं की दिसायची ती पाठ. शेकडो वर्षं हात फिरून ती गुळगुळीत झाली होती. माणसं यायची, पाठीला डोकं टेकायची आणि जायची. तोंड होतं आतल्या बाजूला, एका लहानशा खोलीच्या दाराकडे. मला वाटलं, कुठल्यातरी धामधुमीत कुणी मूर्ती उलटी ठेवली असेल आणि पुढे कुणाला नीट करायचं सुचलं नसेल. आपल्याकडे असं चालतंच.

मोजणी करायची म्हणून मी मूर्तीला वळसा घालून पलीकडे गेलो. मूर्तीच्या गुडघ्यापासून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत अडीच फूट, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. खोलीचं दार कमरेत वाकून जाण्याइतकं. आत काहीच नव्हतं. सात फूट रुंद, नऊ फूट खोल, कोरडा खडक. बाहेरच्या मंडपात वटवाघळांच्या लेंड्यांवर पाय घसरत होता. या खोलीत एक लेंडी नव्हती, कोळ्याचं जाळंही नव्हतं. हवा खेळत नसेल म्हणून वटवाघळं येत नसतील, असं मी ठरवलं.

आत उभं राहून मागे वळलो तेव्हा बैठोबाचं तोंड पहिल्यांदा दिसलं. फार सुंदर तोंड होतं. डोळे अर्धे मिटलेले, नजर खाली, उंबऱ्याच्या आत हातभर. मी बरोबर त्या नजरेत उभा होतो. उगाच बाजूला सरकलो आणि टेप गुंडाळून बाहेर आलो.

३

वैशाखी पुनवेला बैठोबाला तेल लावतात म्हणून कासा मला ओढून घेऊन गेली. सकाळची वेळ. बायका घागरी घेऊन आलेल्या, पोरं दारात दाटलेली. मूर्तीला गार पाण्याने धुतलं, करडीचं तेल लावलं. डोळ्यांना मात्र वेगळं. डोळ्यांवर तेलात भिजवलेलं फडकं घडी करून ठेवलं आणि ते तसंच मुरू दिलं.

पण फडकं ठेवण्याआधी माय पुढे गेली. मूर्तीच्या गुडघ्याला पाठ लावून, त्या अडीच फुटांच्या जागेत मांडी घालून बसली. तोंड खोलीकडे. ती नीट बसली, पदर सारखा केला, "हं" म्हणाली, तेव्हाच सटवाजीने फडकं ठेवलं. सटवाजी गावचा कारभारी, आडदांड माणूस.

अर्धा तास कुणी मोठ्याने बोललं नाही. पोरंसुद्धा गप्प. फडकं काढलं, आणि मग माय उठली.

परतताना मी तिला विचारलं, "माय, तू मध्ये का बसलीस?"

"देवाचे डोळे झाकले व्हते न्हव."

"मग?"

"मंग कोनीतरी बगाया नगो?"

"काय बघायचं? रिकामी खोली आहे, मी मोजली आहे."

माय थांबली. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. "साब, तुमाला इचारायची लय सवय हाय," ती म्हणाली आणि काठी टेकत पुढे गेली. कासा मला चिमटा काढून म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला काहून छळायलाव?"

४

मूर्ती हलवा, असा वरून हुकूम आला. मूर्ती जुनी, मौल्यवान, नव्या गावात सन्मानाने बसवावी. गाव अडेल अशी माझी अटकळ होती. कुणी अडलं नाही. देव बुडू द्यायचा कसा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मास्तर तर आनंदाने नव्या जागेचा चौथरा बांधून घ्यायला स्वतः जाऊन आले.

मंगळवारी सकाळी सोळा माणसं, दोर, लाकडाचे ओंडके आणि सटवाजीची बैलगाडी. पाठ दाराकडे असल्याने ओढून काढणं सोपं होतं. दोर बांधायच्या आधी माय पुन्हा त्या जागेत जाऊन बसली, तोंड खोलीकडे. बैठोबा इंच इंच तिच्या पाठीपासून दूर सरकत गेला. दारातून ऊन त्याच्या खांद्यावर पडलं तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गाडी वाजतगाजत गेली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी देवळात परत आलो. मूर्ती होती तिथे फिकट रंगाचा चौकोन उरला होता. माय त्या चौकोनात सरकून बसली होती. दोन्ही हात मांडीवर, मान जराशी खाली.

"माय, झालं आता. ऊठ."

"तुझं झालं," ती म्हणाली. मान वळवली नाही.

दुपारी सटवाजीची बायको आली. मायच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली. थोडा वेळ दोघी तशाच. मग माय उठली. दिवस मावळताना तिसरं कुणी. एक चूल, एक प्रहर, म्हणजे तीन तास. बसणाऱ्याने दुसरा शेजारी बसल्याशिवाय उठायचं नाही. गावात कुणी दवंडी दिली नाही, कुणी यादी केली नाही. चुली ठरलेल्या होत्या, क्रम ठरलेला होता.

मास्तरांना मी म्हणालो, "तुम्हीसुद्धा?"

मास्तर ओशाळले. "पटत न्हाई, साहेब. पर गावात चूल हाय माजी."

रात्री जेवताना कासा सहज म्हणाली, "परवा दुपारी आपली पाळी हाय. आपलीबी चूल हाय ना."

मी खो-खो हसलो. आमची चूल वहीतदेखील नव्हती. पण देवळात गारवा असतो आणि आमची पडवी दुपारी तापून भट्टी होते. म्हणून मी म्हणालो, "जा की. तेवढीच सावली." या एका वाक्याबद्दल मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

५

दारांवर गोल वाढत होते. मी कामाचा माणूस आहे, गाड्या मिळवल्या, लोकांना समजावलं, म्हाताऱ्यांना उचलून बसवलं. एक चूल नव्या गावी गेली की जुन्या गावाच्या पाळीतून एक कमी होई. हे मला कळायला हवं होतं. चव्वेचाळीस चुली होत्या तेव्हा पाळी साडेपाच दिवसांनी यायची. सोळा उरल्या तेव्हा दिवसाआड. आठ उरल्या तेव्हा रोज. प्रत्येक गोल काढताना मी खूश होत होतो आणि तो गोल माझ्या बायकोला त्या खोलीकडे एक पाऊल ढकलत होता.

कासा बदलली. आधी बोलणं कमी झालं. मग भाकरी थापताना हात थांबायचे आणि ती भिंतीकडे बघत राहायची. पापणी हलायची नाही. मी तिच्या डोळ्यांसमोर चुटकी वाजवायचो. "कुठे गेलीस?" ती दचकायची, हसायची, पण ते हसू तोंडावरच राहायचं.

"काय दिसतं गं तुला तिथे?" मी एकदा विचारलं.

"काई न्हाई. खोली."

एका दुपारी तिची पाळी संपायच्या आधीच मी देवळात गेलो. बाहेर पांढरं ऊन, पाखरू नाही. मंडपातून कासाची पाठ दिसत होती. मी तिला हाक मारणार, एवढ्यात आवाज ऐकू आला. जात्याभोवतीचं पीठ आपण हाताने ओढून गोळा करतो, तसा. कोरडा, खरखरीत, एकदाच. आतल्या खोलीतून.

"उंदीर," मी म्हणालो. माझा आवाज मला मोठा वाटला.

"उंदीर न्हाई," कासा म्हणाली.

"मग काय आहे?"

"तुमी म्हनता तर उंदीर."

मी चिडलो. अशा वेळी चिडणं सोपं पडतं. पाळीचा माणूस येऊन ती उठल्यावर मी तिला घरी पाठवलं आणि मोजायला थांबलो. पाळीवर सटवाजी बसला होता, त्याच्याशेजारी गुडघे टेकून मी आत टेप सोडली, पण ती सरळ जाईना. आत जाऊन मोजावं, पण मला वाकायचा कंटाळा आला, असं मी सटवाजीला सांगितलं. बाहेरूनच एक सरळ वेळू घेतला, आत सरकवला, टोक समोर लागलं तेव्हा उंबऱ्यापाशी वेळूवर खूण केली आणि वेळू बाहेर काढून मापला. आठ फूट चार इंच.

वहीत नऊ फूट होते, माझ्याच अक्षरात. मी पुन्हा मोजलं. आठ फूट चार. दुसऱ्या वेळी टोक लागलं तेव्हा दगडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला नाही, हे मला आवडलं नाही.

"टेप उन्हात ताणली असेल," मी म्हणालो.

सटवाजी खोलीकडे बघतच म्हणाला, "व्हय साब. ताणली आसंल." त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसत नव्हता.

६

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार चुली राहिल्या. माय, मास्तर, सटवाजी आणि आम्ही. म्हणजे एकेकाला दिवसातून दोनदा. मास्तरांच्या बायकोचे दिवस भरत आले होते, त्यांना जावं लागलं. जाताना ते माझ्याकडे आले, हात जोडले, आणि गाडीत बसले. दोन दिवसांनी सटवाजी गुरं घेऊन गेला. "मी परवा मोकळी गाडी घिऊन येतो," असं तो म्हणाला.

मग दोन चुली. तीन तास माय, तीन तास कासा. दिवस आणि रात्र.

मी भांडलो. हात जोडले. एकदा तिचा दंड धरून ओढलं, तर ती लाकडासारखी ताठ झाली. ती इतकी वाळली होती, की बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मी तिला म्हणालो, "माझ्यासाठी ऊठ. मला भीती वाटते तुझी." हे मी खरंच म्हणालो. तिने माझ्याकडे मायेने पाहिलं, पण क्षणभरच.

"माय बसलीया तवर मी झोपते. मी बसलीया तवर मायनं झोपायचं. मदीच उठून कसं जमंल?"

"मग पाणी आल्यावर?"

"माय म्हनलीया, शेवटची पाळी तिची. ती न्हाई यायची नव्या गावाला. पाणी पायरीला लागलं की म्या उठायचं. पुढं माय हाय आन पाणी हाय."

धरणावरून निरोप आला. वरच्या अंगाला पाऊस झालाय, दोन दिवसांत पाणी गावात येईल, तुम्ही आज दुपारी ट्रकने निघा. मी निश्चय केला. आज काहीही झालं तरी कासाला न्यायचं.

त्याच सकाळी माय पडवीतल्या बाजेवर तापाने फणफणली. शुद्ध नव्हती. कासा तिच्या पाळीवर देवळात गेलेली. सटवाजी मोकळी गाडी घेऊन आला होता. मी आणि त्याने मायला चौघडीत गुंडाळून गाडीत ठेवलं. ती कापसासारखी हलकी लागली. "हिला वैदाकडे पोचव, मी मागून येतो," मी म्हणालो.

"आन तिथं?" सटवाजीने देवळाकडे मान केली.

"तिथलं मी बघतो," मी म्हणालो. सटवाजीने बैलांना हाकललं.

७

दुपारी ट्रक आला तसा मी देवळात गेलो. नदीचा नेहमीचा आवाज जाड झाला होता. कासा चौकोनात बसली होती.

"ट्रक आलाय. चल."

"माय आल्याबिगर न्हाई उठायची."

मी आधीच ठरवून आलो होतो. "माय येतेय. हळूहळू येतेय, ताप आहे तिला. तोवर मी बसतो. तू जा, ट्रंकेला कुलूप लाव, ट्रकमध्ये बस. माय आली की मी उठतो."

तिने मान वळवली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. "खरं?"

"खरं."

"आदी बसा. खांद्याला खांदा लावा. नजर खाली, उंबऱ्याच्या आत. हलवायची न्हाई."

मी बसलो. तिचा खांदा हाडाळ लागला. दगड गार होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बगायलाव ना?" मी हो म्हणालो. ती उठली. तिची पावलं मंडपातून गेली, दारातून गेली, मग ऐकू आली नाहीत.

मी शंभर आकडे मोजणार होतो. तेवढ्यात ती ट्रकपर्यंत पोचेल, मग आपणही जायचं. एक रिकामी खोली, दुपारचे तीन वाजलेले, दारातून माझ्या पाठीवर ऊन पडलेलं. मी ओव्हरसियर. मी मोजू लागलो.

उंबऱ्याच्या आत हातभर उजेड होता, त्यापुढे अंधार. अंधाराची कड सरळ नव्हती, एका जागी फुगीर होती. मी ती कड निरखत राहिलो. चाळीसच्या सुमारास लक्षात आलं, की तो फुगवटा म्हणजे गुडघा आहे. मांडी घातलेल्या माणसाचा. बैठोबाचा होता तसा, तेवढाच मोठा. दगडाचा असेल, मी मनाशी म्हणालो. आतल्या भिंतीवर कोरलेलं काही असेल आणि मोजताना माझ्या नजरेतून सुटलं असेल. मी खोलीत आत उभा राहिलो होतो त्या दिवशी, माझ्या पाठीमागे होतं काय?

साठ. गुडघा हलला नाही. मला बरं वाटलं. नदीकडे काहीतरी कोसळलं, काठाची दरड असावी, आणि माझी नजर नुसती फडफडली. एक पापणी. तेवढंच.

पिठावरून हात ओढल्याचा आवाज आला.

उंबऱ्याच्या अलीकडे, उजेडात, जमिनीवर एक तळवा टेकलेला होता. बोटं पसरलेली. त्यावर भार पडत होता. बसलेला माणूस उठताना हात टेकतो, तसा टेकलेला.

मी उठलो. मी पळालो. शंभर मोजायचे राहून गेले.

८

कासा ट्रकच्या मागच्या भागात ट्रंकेवर बसली होती. मला पळत येताना बघून तिचं तोंड पांढरं पडलं.

"माय आली," मी म्हणालो. "बसली. खांद्याला खांदा लावून मगच उठलो. चल, ड्रायव्हर घाई करतोय."

तिने डोळे मिटले. महिनाभरात तिने असे शांतपणे डोळे मिटलेले मी पाहिले नव्हते. मग ती रडू लागली, मायसाठी. मी तिला जवळ घेतलं. ट्रक निघाला. वाटेत ती माझ्या खांद्यावर झोपली, लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. मी रस्त्याकडे पाहत नव्हतो. फक्त तिचं तोंड पाहत होतो आणि म्हणत होतो, सुटली. बाकी काही का असेना, ही सुटली. खोटं बोललो याचं मला त्या बारा मैलांत जराही वाईट वाटलं नाही.

नवं धामणखेड आलं तेव्हा दिवस अजून बराच होता. माळावर ओळीने घरं, मधोमध चौथऱ्यावर बैठोबा, आणि चौथऱ्याच्या सावलीत बाजेवर माय. वैदाच्या काढ्याने तिला घाम फुटून ताप उतरला होता. ती उठून बसली होती आणि सटवाजीची बायको तिला पेज पाजत होती. गाडी आमच्या आधी चार तास निघालेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ट्रक थांबला. कासा जागी झाली, केस मागे सारले, आणि तिला माय दिसली.

मायलाही ती दिसली. मायने वाटी बाजूला केली. सटवाजी गोठ्यातून बाहेर आला होता, मास्तर दारात आले होते. सगळे आमच्याकडे बघत होते आणि कुणी विचारत नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. नव्या गावात आता चव्वेचाळीसही चुलींची माणसं हजर होती.

कासा रागावेल असं मला वाटलं. तिने मला मारलं असतं तर मी आभार मानले असते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, तिने विचारलं,

"तुमी उठलाव तवा ते कुठवर आलं व्हतं?"

मी उंदीर म्हणत होतो, टेप ताणली म्हणत होतो, तेव्हा ही रोज ते बघत होती.

"उंबऱ्याच्या अलीकडे," मी म्हणालो. "हात होता."

"एकच?"

दुसरा बघायला मी थांबलो नव्हतो.